वर्गणी कुणाची, मंडप कुणाचा

परळला आमच्या चाळीत गणेशोत्सव मंडळाचा अहवाल छापून यायचा. स्वस्तातला कागद, मुखपृष्ठावर गणपती, आत अध्यक्षांचं दोन पानी मनोगत. ते कुणी वाचत नसे. पुस्तिका हातात पडली की माणूस थेट मागची पानं उघडायचा, कारण तिथे वर्गणीदारांची यादी असे. एकावन्न कुणी दिले, एकशे एक कुणी दिले, मुलगा दुबईला लागल्यावरही एकवीसवरच कोण अडून बसलंय, सगळं नावानिशी. पुढचे पंधरा दिवस नळावरच्या गप्पांना तेवढं पुरायचं. आमचे खजिनदार काका गिरणीत जॉबर होते. पावती फाडल्याशिवाय रुपया हातात घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. कुणी म्हणालं, ‘काका, नाव नको छापू, देवाचंच काम आहे,’ तर ते म्हणायचे, ‘गुप्तदान करायचं असेल तर सिद्धिविनायकाच्या पेटीत टाक. इथे पावती फाटणार.’

पुढे काका गेले, गिरणी गेली आणि चाळीच्या पुनर्विकासाचं वारं सुटलं. त्या वर्षी मी मंडळाचा सहचिटणीस होतो. एका विकासकाने मूर्ती, आरास, लायटिंग, सगळ्याचा खर्च उचलला. दोन लाख रुपये. आमची पाच वर्षांची वर्गणी एकत्र केली तरी तेवढी भरली नसती. कमानीवर त्याने स्वतःचं नाव लावू दिलं नाही. माणूस हुशार होता. अहवालातली ओळ मी लिहिली : ‘एक हितचिंतक – २,००,०००’. हितचिंतक कोण, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

डिसेंबरात करारनाम्यावर बोलायला सभा भरली. देखभालीसाठी कॉर्पस म्हणजे राखीव निधी किती, लिफ्टचं बिल कोण भरणार, काम रखडलं तर भाडं चालू राहणार का, असे सात-आठ प्रश्न आम्ही चौघांनी वहीत उतरवून नेले होते. एकही विचारला नाही. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी पाकीट सरकवलं नव्हतं. शेजारचे नाना माझ्या कानाशी लागून एवढंच म्हणाले, ‘अरे, गणपतीत एवढं केलं त्याने. लगेच कसं विचारायचं? बरं दिसत नाही.’ मलाही ते पटलं. आज तिथे टॉवर उभा आहे. कॉर्पसची रक्कम दोन वर्षांत संपली, आणि महिन्याची देखभाल झेपेना म्हणून आमच्या मजल्यावरची तीन कुटुंबं घर विकून बदलापूर-विरारकडे गेली.

महाराष्ट्रात २०२२पासून पैसा आणि राजकारण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर खोकी येतात. ‘पन्नास खोके’ ही घोषणा पोरांच्याही तोंडी बसली. खोक्यांवर संताप व्यक्त करणं सोपं असतं, कारण खोकं चोरीचं वाटतं. मला जास्त काळजी वाटते ती नानांच्या ‘बरं दिसत नाही’ची. अब्जाधीशाचा पैसा देशाच्या राजकारणात जे काम करतो, त्यातलं बरंचसं या तीन शब्दांत होतं. मत विकत घेतलं जात नाही, कायदाही मोडला जात नाही. फक्त वहीतला प्रश्न वहीत राहतो.

निवडणूक रोख्यांची योजना आठवा. २०१७च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी ती जाहीर केली, जानेवारी २०१८मध्ये ती अधिसूचित झाली. एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे, विकणार फक्त स्टेट बँक, पंधरा दिवसांत पक्षाने वटवायचे, आणि देणाऱ्याचं नाव जनतेला कळणार नाही. रिझर्व्ह बँकेने आधीच हरकत घेतली होती, निवडणूक आयोगानेही लेखी नापसंती कळवली होती. तरीही योजना चालली, साधारण १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले. समर्थनाला कुणी कुणी गुप्तदानाची परंपरा पुढे करायचे, तेव्हा मला काकांची आठवण यायची. गुप्तदानात या हाताचं त्या हाताला कळू नये असा संकेत आहे. इथे देणाऱ्या हाताला कळत होतं, घेणाऱ्यालाही कळत होतं, मधल्या सरकारी बँकेकडे तर केवायसीच होती. रोख्यावर अतिनील प्रकाशात दिसणारा क्रमांक छापलेला आहे, हे एका पत्रकाराने २०१८मध्येच उघड केलं होतं. कळत नव्हतं ते फक्त बाहेर उभ्या असलेल्या मतदाराला. हितचिंतक कोण हे चाळीला तरी ठाऊक होतं.

मुंबईकराला यात एक खास टोचणी आहे. स्टेट बँकेचं मुख्यालय नरिमन पॉइंटला, मादाम कामा मार्गावर. त्याच मार्गावर मंत्रालय. रिझर्व्ह बँक तिथून चालत जाण्याजोगी. देशातल्या बड्या कंपन्यांची कितीतरी मुख्यालयं याच पट्ट्यात किंवा फार तर वांद्रे-कुर्ला संकुलात. देणारा, पैसा हाताळणारी बँक आणि ज्या दारात फाइल हलायची ते दार, सगळं एका दुपारच्या फेरफटक्यात बघून होतं. आपण त्या रस्त्याने ऑफिसला जात होतो आणि आपल्याला काही माहीत नव्हतं.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने योजना रद्द केली. मतदाराला माहितीचा हक्क आहे, हा त्या निकालाचा कणा. बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेचं मतदान उरकल्यावर. न्यायालयाने ती नाकारली आणि मार्चच्या मध्यावर याद्या बाहेर आल्या. लॉटरीच्या धंद्यातली फ्यूचर गेमिंग पहिली, १,३६८ कोटी; मेघा इंजिनिअरिंग दुसरी, ९६६ कोटी. एप्रिल २०१९पासूनच्या हिशेबात भाजपने सुमारे ६,०६० कोटी वटवले. पण फ्यूचर गेमिंगच्या पैशाचा मोठा वाटा तृणमूल आणि द्रमुककडे गेला होता, तेव्हा पंगतीला विरोधकही होते. आपल्याकडच्या अखंड शिवसेनेला सुमारे १५९ कोटी, राष्ट्रवादीला तीसेक कोटी. रोख्यांच्या एकूण किमतीत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एक कोटीच्या रोख्यांचा. एकावन्न रुपयांच्या वर्गणीदाराचं काही हे दुकान नव्हतंच.

योगायोग असा की त्याच मार्च महिन्यात हुरुन या संस्थेच्या श्रीमंतांच्या यादीने मुंबईला आशियाची अब्जाधीशांची राजधानी ठरवलं. ९२ अब्जाधीश, बीजिंगपेक्षा एक जास्त. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या बातमीला टाळ्यांचे इमोजी पडले. रोख्यांच्या बातमीखाली एकाने लिहिलं, ‘सगळेच घेतात.’ विषय संपला.

या शहराला हा धोका कुणी सांगितला नव्हता, असं मात्र म्हणता येणार नाही. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. एका भागधारकाने आक्षेप घेतला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मुख्य न्यायमूर्ती होते एम. सी. छागला. अशी देणगी अडवणारा कायदाच तेव्हा नव्हता. पण निकाल देताना छागलांनी संसदेला उद्देशून लिहिलं की कंपन्यांना पक्षनिधीला पैसे देऊ देण्यात मोठा धोका आहे, तो झपाट्याने वाढू शकतो आणि शेवटी या देशातल्या लोकशाहीचा गळाही घोटू शकतो. त्या वेळी देशात दोनच सार्वत्रिक निवडणुका झाल्या होत्या. पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा पंचवीस हजार रुपये होती.

मला यात छागलांइतकाच तो भागधारक महत्त्वाचा वाटतो. त्याचं म्हणणं साधं होतं : कंपनीत पैसा माझाही आहे. त्याच्याकडे परत येतो.

त्या काळचं सगळं सोज्वळ होतं असं मानायचं कारण नाही. काँग्रेसला उद्योगपतींचा पैसा जातच होता आणि परमिट राजमध्ये तो का जातो हे शाळकरी पोरालाही कळत होतं. तरी एक फरक नोंदवण्याजोगा आहे. १९६१मध्ये जे. आर. डी. टाटांनी नेहरूंना पत्र लिहून कळवलं की आम्ही काँग्रेसबरोबर राजाजींच्या ‘स्वतंत्र पक्षा’लाही देणगी देणार आहोत, देशाला जबाबदार विरोधी पक्ष हवा. नेहरूंनी उत्तर पाठवलं : तुम्हाला तसं करायचं स्वातंत्र्य आहे, पण स्वतंत्र पक्षाकडून तुम्ही फार अपेक्षा ठेवताय. सत्ताधारी पंतप्रधानाला सांगून त्याच्या विरोधकाला पैसे देणारा उद्योगपती आज कुणाला आठवतो का, पाहा. १९६९मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर बंदीच घातली, आणि बंदीने जे व्हायचं तेच झालं : पैसा थांबला नाही, सुटकेसमध्ये गेला. १९८५मध्ये देणगी पुन्हा कायदेशीर झाली, नफ्याच्या ठरावीक टक्क्यांच्या मर्यादेत. २०१३च्या कायद्यात ती मर्यादा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के होती. २०१७मध्ये ती उडवली गेली, म्हणजे तोट्यातली कंपनीही हवी तेवढी देणगी देऊ शकत होती. तोट्यातला माणूस कोट्यवधींची वर्गणी देतो तेव्हा खजिनदाराने त्याला खुर्ची द्यायची की दोन प्रश्न विचारायचे? न्यायालयाने ती सूटही मनमानी ठरवून काढून टाकली.

आता यावर एक खणखणीत आक्षेप आहे आणि तो मुंबईच्याच इतिहासातून येतो. पैशाने निवडणूक जिंकता येत नाही. १९६७मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटील उभे होते. शहराचे अनभिषिक्त राजे, काँग्रेससाठी निधी गोळा करण्यात वाकबगार. त्यांना हरवलं जॉर्ज फर्नांडिस नावाच्या कामगार पुढाऱ्याने, ‘तुम्ही पाटलांना हरवू शकता’ एवढंच लोकांना सांगत. चार वर्षांनी त्याच मतदारसंघातून खुद्द नवल टाटा अपक्ष उभे राहिले आणि पडले. २०१९मध्ये मुकेश अंबानींनी काँग्रेसच्या मिलिंद देवरांची व्हिडिओत वाखाणणी केली, उदय कोटकही त्यात होते. निवडून आले अरविंद सावंत. तीन वेळा भारतातल्या सर्वांत श्रीमंत मतदारसंघांपैकी एकाने श्रीमंतांचं ऐकलं नाही. परदेशातही हेच. मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२०मध्ये सुमारे अब्जभर डॉलर ओतले आणि त्यांच्या पदरात अमेरिकन समोआ हा एक चिमुकला बेटसमूह पडला. एलॉन मस्क आणि त्यांच्याशी संबंधित गटांनी एप्रिल २०२५मध्ये विस्कॉन्सिनच्या न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत दोन कोटी डॉलरहून अधिक घातले, एका सभेत दहा लाख डॉलरचे धनादेश वाटले, तरी त्यांचा उमेदवार दणकून पडला.

हा आक्षेप खरा आहे आणि मला तो आवडतोही. मतदारावर विश्वास टाकणारा आहे. पण तो मतदानाच्या दिवसाबद्दल बोलतो. धनिकाचा पैसा त्या दिवसाच्या आधी आणि नंतर कामाला लागतो.

आधी, म्हणजे तिकीट कुणाला मिळणार तिथे. लोकसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ९५ लाख खर्च करता येतो, विधानसभेला ४० लाख. या आकड्यांवर कार्यकर्ते हसतात. गोपीनाथ मुंडे २०१३मध्ये मुंबईतल्या एका जाहीर कार्यक्रमात बोलून गेले की २००९ला आपला खर्च आठ कोटी झाला. तेव्हाची मर्यादा पंचवीस लाख होती. आयोगाची नोटीस आली, खुलासे झाले, प्रकरण विरलं. मुंड्यांनी सांगितलं म्हणून आपल्याला कळलं, बाकीच्यांनी सांगितलं नाही एवढाच फरक. आणि उमेदवाराच्या खर्चाला निदान कागदावर तरी मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला कसलीच नाही. अमरनाथ चावला यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरा. संसदेने कायदा दुरुस्त करून ते बोथट करून टाकलं. १९७४पासून ते भोक तसंच आहे. पाणी तिथूनच येतं आणि आपण नळाला कापड बांधून बसलोय.

एवढा खर्च पेलायचा तर पक्ष कुणाला शोधणार? जो स्वतः आणू शकतो त्याला. २०२४च्या विधानसभेत घाटकोपर पूर्वचे पराग शहा यांनी सुमारे ३,३८३ कोटींची मालमत्ता जाहीर केली. मलबार हिलचे मंगलप्रभात लोढा १९९५पासून सातत्याने निवडून येतात. देशातल्या मोठ्या बांधकाम उद्योगांपैकी एक त्यांनी उभा केलेला. दोघेही बांधकाम क्षेत्रातले. यात बेकायदा काही नाही, लोकांनी मत दिलंय, लोढांच्या मागे तीस वर्षांचं पक्षाचं काम आहे. तरीही ज्या शहरात निम्मं भांडण चटईक्षेत्रावरून होतं, तिथे चाळीतल्या भाडेकरूच्या बाजूने विधानसभेत कोण आणि किती जण बसलेत, हे मोजायला हरकत नसावी. जॉर्ज फर्नांडिसला आज तिकीट द्यायला कुणी तयार होईल का? अपक्ष उभं राहायचं तर जीप, मंडप, बूथवरची पोरं आणि मोबाइलवरची जाहिरात यांचे पैसे कोण देणार?

नंतर, म्हणजे फाइल. मस्क यांनी २०२४मध्ये ट्रम्प यांच्यासाठी पंचवीस कोटी डॉलरहून जास्त खर्च केले. विस्कॉन्सिनमध्ये ते हरले, हे खरं. पण त्याआधी जानेवारीत सरकारी खर्च कापण्याचं काम त्यांच्या हाती सोपवलं गेलं होतं, आणि ज्या माणसाला एकाही मतदाराने मत दिलं नाही त्याच्या देखरेखीखाली अख्खी सरकारी खाती बंद पडली. मे अखेरीस ते बाहेर पडले, दोस्ती तुटली, वगैरे वगैरे. बंद पडलेली खाती काही त्यामुळे उघडली नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्ये प्रचारावरचा खर्च हे अभिव्यक्तीचं रूप ठरवलं आणि २०१०मध्ये कंपन्यांनाही स्वतंत्र खर्चाची मुभा दिली. पैसा म्हणजे बोलणं, असं एकदा मान्य केलं की ज्याच्याकडे जास्त पैसा त्याचा आवाज मोठा, हे ओघानेच आलं.

आपल्याकडे चित्र थोडं उलटं आहे आणि परदेशातली टीका जशीच्या तशी इथे चिकटवणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. तिथे अब्जाधीश राजकारणाचा हात पिरगाळतो. इथे पुष्कळदा राजकारण धंद्याचा पिरगाळतं. रोख्यांच्या यादीत एका औषध कंपनीची नोंद आहे. तिच्या संचालकाला ईडीने १० नोव्हेंबर २०२२ला अटक केली आणि १५ नोव्हेंबरला कंपनीने पाच कोटींचे रोखे घेतले, जे सत्ताधारी पक्षाने वटवले. दोन्हींचा संबंध न्यायालयात सिद्ध झालेला नाही; अशा व्यवहारांच्या विशेष चौकशीची मागणीही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये नाकारली. पण तारखा तारखाच असतात. देणगी आणि खंडणी यांतला फरक पावतीवर दिसत नाही, म्हणून तर पावती उघड्यावर हवी. नाव जाहीर होणार असेल तर घेणाऱ्यालाही मागताना दोनदा विचार करावा लागतो. गुप्ततेने उद्योगपतीचं संरक्षण होतं हा दावा मला कधीच कळला नाही. अंधारात सगळ्यात आधी त्याचाच खिसा कापला जातो.

शिवाय सगळा प्रभाव देणगीच्या वहीत सापडेल असंही नाही. देणगी दाखवावी लागते. वृत्तवाहिनीचा मालक असणं देणगीत मोजत नाहीत. गेल्या दहा-बारा वर्षांत देशातल्या दोन सर्वांत मोठ्या उद्योगसमूहांकडे वाहिन्या गेल्या, मराठीही त्यात आल्या. यावर जास्त बोलत नाही, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आणि धारावी. इथे कुणी कुणाला पैसे दिले असं मी म्हणत नाही, माझ्याकडे तसा पुरावा नाही आणि माझा मुद्दाही तो नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली सर्वांत मोठी ठरली, डीएलएफची २,०२५ कोटींची होती. प्रकल्पाच्या कंपनीत समूहाचे ८० टक्के, राज्याचे २० टक्के. सुमारे सहाशे एकरांवरची वस्ती, लाखो लोक, त्यातल्या अपात्रांसाठी मिठागरांपर्यंतच्या जमिनी, आणि इथला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, शहरातल्या बाकीच्या विकासकांनी आधी विकत घ्यायचा अशी अट. इतकं मोठं काम अंगावर घेऊ शकणारे देशात मोजके. सरकारला ज्याची इतकी गरज असते त्याला पक्षनिधीत रुपयाही घालावा लागत नाही. त्याच्यासमोर ‘बरं दिसत नाही’ हे सरकारच स्वतःला सांगतं. कराराच्या अटी चांगल्या की वाईट यावर वाद घालता येईल, घातला जातोही. मला खुपते ती दुसरीच गोष्ट. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ला संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६मध्ये. निविदा, करार, अधिसूचना, जमिनींचे निर्णय, सगळं घडलं तेव्हा २२७ प्रभागांपैकी एकातही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. ७४ हजार कोटींवर पोचलेला अर्थसंकल्प प्रशासक मांडत होते. नगरसेवक धुतल्या तांदळासारखे असतात असं कोण म्हणेल? पण त्याच्या ऑफिसवर मोर्चा नेता येतो, त्याच्या बायकोला हळदीकुंकवात गाठून विचारता येतं. प्रशासकाला गाठायचं कुठे? लोकांना उत्तरदायी असलेल्या साखळीतली खालची कडी गळली की वरचा पैसा आणखी जड होतो.

मग करायचं काय, हे विचारल्यावर लोक सरकारी खर्चाने निवडणुका म्हणतात. १९९८च्या इंद्रजित गुप्ता समितीने काही प्रमाणात ते सुचवलंही होतं. मला त्यात रस आहे, पण पक्षखर्चावर मर्यादा घातल्याशिवाय सरकारी पैसा देणं म्हणजे विकासकाच्या दोन लाखांवर मंडळाने आणखी पन्नास हजारांची रोषणाई करणं. आधी मर्यादा. आणि नावं मतदानाच्या आधी. रोखे गेल्यावर कंपन्या निवडणूक न्यासांकडे, म्हणजे कंपन्यांकडून देणग्या घेऊन पक्षांना वाटणाऱ्या संस्थांकडे वळल्या. तिथे नावं कळतात, हे चांगलंच. पण कळतात कधी? लोकसभेचं मतदान २०२४च्या जूनमध्ये संपलं. २०२४-२५च्या न्यासांचे आकडे लोकांसमोर आले २०२५च्या डिसेंबरात. टाटा समूहाच्या प्रोग्रेसिव्ह इलेक्टोरल ट्रस्टने त्या वर्षात सुमारे ९१५ कोटी वाटले, भाजपला सुमारे ७५८ कोटी, काँग्रेसला ७७. टाटांचं मुख्यालय असलेल्या बॉम्बे हाउसमधून उच्च न्यायालय पायी दहा मिनिटांवर आहे. नावं उघड आहेत, म्हणून मी निदान ही ओळ लिहू शकतो. पण विसर्जन होऊन गेल्यावर हाती आलेली यादी मतदाराच्या काय कामाची? बँकेचे एसएमएस क्षणात येतात, मोठी देणगी आठवड्यात जाहीर होऊ शकत नाही यावर विश्वास ठेवायला माझी हरकत आहे.

आता तो १९५७चा भागधारक. कंपनी कायद्यानुसार पक्षाला देणगी द्यायला संचालक मंडळाचा ठराव पुरतो. भागधारकांना कुणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये २०००च्या कायद्यापासून कंपनीला राजकीय देणगीसाठी भागधारकांची मंजुरी घ्यावी लागते. आपल्याकडे २०१७च्या दुरुस्तीने तर कोणत्या पक्षाला दिले हे हिशेबात लिहायची गरजही काढून टाकली होती. ती आता निकालाने परत आली. आणि हे भागधारक कोण? ज्याची महिन्याला दोन हजारांची एसआयपी आहे तो, ज्याची एलआयसीची पॉलिसी आहे तो, ज्याचा पीएफ शेअरबाजारात जातो तो. दादर-डोंबिवलीतला मराठी मध्यमवर्ग. आपण ज्याला अब्जाधीशाचा पैसा म्हणतो त्यात आपलेही एकावन्न रुपये आहेत, आणि त्यांची पावती आपल्या नावावर फाटत नाही. सर्वसाधारण सभेत मतदानाला टाकल्याशिवाय पक्षदेणगी नाही, एवढा एक बदल मला बाकीच्या दहा सुधारणांपेक्षा मोलाचा वाटतो. ठराव हरणार नाही, हे मला माहीत आहे. प्रवर्तकाचं पारडं बहुधा जड असतं. पण विषयपत्रिकेवर तो आकडा छापला जाईल, आणि कुणाला तरी उभं राहून विचारावं लागेल.

मी एकदा विचारून पाहिलं. माझ्याकडे एका कंपनीचे चाळीस शेअर आहेत, वडिलांनी घेतलेले. पूर्वी अशा सभा बिर्ला मातुश्री सभागृहात व्हायच्या. वडील खास रजा टाकून जायचे आणि नाश्त्याचा बॉक्स जपून घरी आणायचे. आता सभा पडद्यावर होते. बोलायला आधी नाव नोंदवावं लागतं, तीन मिनिटं मिळतात. मी विचारलं, गेल्या तीन वर्षांत कोणत्या पक्षाला किती दिले आणि का? अध्यक्ष नम्र होते. ‘प्रश्नाबद्दल आभारी आहोत, कंपनी सर्व कायद्यांचं पालन करते,’ असं म्हणाले आणि पुढच्या भागधारकाचं नाव पुकारलं. ते गृहस्थ सत्तरीचे असावेत. त्यांनी आधी अध्यक्षांच्या प्रकृतीची चौकशी केली, मग संचालक मंडळाचं दोन मिनिटं कौतुक केलं आणि शेवटी विचारलं, यंदा दिवाळीची भेट पोस्टाने पाठवणार का.